तांबडा दिवा काय सांगतो?

लामता हे गाव आपल्या इंदूरकर वाचकांपैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत जी छोटी लाइन घातली, तिच्यावरचे हे एक स्टेशन. ती छोटी लाइन आता राहिली नाही. तिच्या जागी मोठी लाइन आली आहे. बालाघाट जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत असे. त्यामुळे बाजाराच्या दिवशी तेथे हिंदी, पोवारी, गोंडी यांच्या जोडीला मराठीही सहज कानी पडते. आमच्या आत्या लग्न होऊन या गावी गेल्या, त्याला साठ वर्षे होऊन गेली.

या लेखाचा विषय घरातली गाणे ऐकण्याची यंत्रे आणि त्यांच्यावर रात्रंदिवस जळणारा तो बारीक तांबडा दिवा हा आहे. अशा विषयासाठी लामत्यापर्यंत जाण्याचे कारण एवढेच की त्या दिव्याचा अर्थ मला तेथेच कळला. आणि तो वेळेवर न कळल्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाला आठ महिने विनाकारण सोसावे लागले. त्यात दोष माझाही होता.

एक कॅसेट

आमचे वडील पोरवयात होळकर दरबारी आपल्या गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसत. १९४८ साली इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि ती चाकरी संपली. पुढचे आयुष्य त्यांनी शिकवण्यांवर आणि अधूनमधून मिळणाऱ्या आकाशवाणीच्या कार्यक्रमांवर काढले. दर हिवाळ्यात ते आठ-पंधरा दिवस धाकट्या बहिणीकडे लामत्याला जात. १९८० नंतरच्या अशाच एका मुक्कामात, पहाटे ओसरीवर बसून ते ललत आळवत असता आत्यांच्या यजमानांनी तो कॅसेटवर उतरवून घेतला. बैठक नाही, तबला नाही, समोर श्रोते नाहीत. एक तानपुरा आणि एक गळा. मधेच छोट्या लाइनच्या गाडीची शिटी ऐकू येते आणि वडील क्षणभर थांबून पुन्हा त्याच मध्यमावर येतात. आज ते नाहीत, ती गाडी नाही आणि कॅसेट उतरवून घेणारेही नाहीत.

आत्या ही कॅसेट रोज नव्हे, पण महिन्यातून चार-दोनदा पहाटे लावीत. जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर खरखरू लागला तेव्हा आतेभावाने कौतुकाने नव्या पद्धतीच्या स्पीकरांची जोडी आणली. हल्ली या स्पीकरांच्या पोटातच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून एक तार काढून त्याने ती स्पीकरांना जोडून दिली. आवाज छान गोड झाला. सारे घर खूश झाले.

दोन-तीन आठवड्यांनी आत्यांचा फोन आला. "अरे, दादाचा आवाज जातोय रे. आलाप अर्ध्यात आला की सगळं गप्प होतं. मग तानांच्या वेळी एकदम परत येतो. टेप झिजली वाटतं."

मी गाणे शिकवतो; यंत्रांतले मला फारसे कळत नाही. पण कॅसेटच्या फितीवरची भुकटी झडते, बुरशी लागते, आवाज विरतो, इतके ऐकून होतो. मी मोठ्या जाणतेपणाने सांगितले, "आत्या, आता ती लावू नका. जेवढी वाजवाल तेवढी झिजेल. मी आलो की बघू." आत्यांनी ते मानले. मी गेलो तो आठ महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत.

दिवा हिरव्याचा तांबडा होतो

जबलपूरला गाडी बदलून लामत्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे कॅसेट लावली. आत्या सवयीप्रमाणे टेपरेकॉर्डरवरचे आवाजाचे चक्र अगदी खाली ठेवून बसल्या, कारण शेजारच्या खोलीत नातवंडे झोपलेली. ललत सुरू झाला. वडील मंद्रात, जवळजवळ स्वतःशीच गात होते. पंधरावीस मिनिटे गेली असतील. एकाएकी शांतता. "बघ," आत्या म्हणाल्या, "इथंच जातो."

पण माझे लक्ष त्या वेळी कॅसेटकडे नव्हते. अंधारात स्पीकरावरचा हिरवा ठिपका माझ्या डोळ्यांसमोर तांबडा झाला होता. टेपरेकॉर्डरची चाके मात्र यथास्थित फिरत होती. मी स्पीकराची तार उपसून तेथे साधा हेडफोन लावला आणि कानाशी धरला. वडील गातच होते. फीत शाबूत होती, आवाज शाबूत होता. झोपला होता तो स्पीकर.

मग त्याची पुस्तिका शोधून काढली. ती वाचल्यावर उलगडा झाला तो असा. या स्पीकरांत एक छोटे सर्किट असते. तारेतून येणाऱ्या ध्वनीच्या विजेवर ते सारखी नजर ठेवते. ठरावीक वेळ, काही यंत्रांत दहा मिनिटे तर काहींत वीस किंवा तीस, ती वीज ठरलेल्या पातळीच्या खाली राहिली की ते समजते, "घरात कोणी ऐकत नाही," आणि मोठा ॲम्प्लिफायर बंद करून टाकते. पुन्हा जोरकस आवाज आला की त्याला जाग येते. मात्र जागे होईपर्यंत एखादा क्षण निसटतो. म्हणून आत्यांना तानांच्या वेळी आवाज "एकदम परत" येताना दिसत होता, आणि दरवेळी पहिली तान अर्धवट तुटलेली.

टेप झिजली असती तर दरवेळी नेमक्या त्याच सुरावर आवाज विरला असता आणि पुन्हा भरात आला नसता. ही साधी गोष्ट मी फोनवर विचारली असती तर उलगडा तेव्हाच झाला असता. आत्यांना विचारले, तर त्या म्हणाल्या, "कधी अलीकडे जायचा, कधी पलीकडे." हा पुरावा आठ महिने त्यांच्याजवळ पडून होता. मी विचारला नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असे मी धरून चाललो होतो.

उपाय करायला पाच मिनिटेही लागली नाहीत. अशा बहुतेक स्पीकरांत ही पाळत आवाजाच्या चक्राच्या अलीकडे, म्हणजे आत येणाऱ्या तारेवर ठेवलेली असते. आत्या टेपरेकॉर्डरचे चक्र खाली ठेवीत, त्यामुळे मुळात आत येणारी वीजच अत्यंत क्षीण असे. ते चक्र पाऊण भागापर्यंत वर केले आणि स्पीकराचे चक्र तेवढे खाली घेतले. कानाला आवाज तोच, पण यंत्राला आता तो स्पष्ट कळू लागला. शिवाय स्पीकराच्या पाठीमागे एक बारीक खटका सापडला. त्याने ही आपोआप झोपण्याची सोयच बंद करता येत होती. तोही फिरवून टाकला. मोबाइलवरून गाणे लावणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: मोबाइलचा आवाज बराच वर आणि स्पीकरचा खाली. उलट केले तर ख्यालाचा आलाप, सतारीचे जोड, सरोदचे मंद्र यांच्या वेळी यंत्र झोपी जाण्याचा संभव फार.

त्या पहाटे कॅसेटची ती बाजू आत्यांनी शेवटपर्यंत ऐकली. बोलल्या काहीच नाहीत. चहा करायला उठताना एवढेच म्हणाल्या, "शिटी पण आहे रे अजून."

तानपुऱ्याच्या तीन अवस्था

त्यानंतर मी या विषयाची थोडी माहिती मिळवली. ती येथे देतो, कारण आपल्याकडील जुन्या घरांतूनही आता ही यंत्रे पोहोचली आहेत आणि तांबडा दिवा म्हणजे "बंद" अशीच बहुतेकांची समजूत आहे.

तानपुरा खोळीत घालून कोपऱ्यात ठेवला, ही एक अवस्था. तो लावून, जवारी साधून भिंतीशी तयार ठेवला, ही दुसरी. आणि गवई अजून गायला लागला नाही, पण साथीदार तारा छेडीत बसला आहे, ही तिसरी. यंत्राचेही असेच आहे. प्लग काढलेला किंवा मुख्य खटका तोडलेला, म्हणजे यंत्र खरोखर बंद. रिमोटने "बंद" केलेले, तांबडा दिवा लागलेले यंत्र हे तयारीत उभे असते. यालाच स्टँडबाय म्हणतात. आणि गाणे संपले, स्पीकर गप्प झाले, पण यंत्र बंद करायचे राहिले, तर ते यंत्र गप्प असूनही पूर्ण जागे असते.

तयारीत उभे असताना आत काय चालते? ॲम्प्लिफायरचा मोठा भाग बंद असतो. एक इवलासा वीजपुरवठा मात्र चालू असतो. त्याच्यावर एक छोटी चिप आणि रिमोटचा प्रकाश ओळखणारा एक डोळा एवढीच मंडळी जागी असतात. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघतो. तो सेकंदाला साधारण अडतीस हजार वेळा लुकलुकतो, म्हणून दिव्याच्या किंवा उन्हाच्या प्रकाशातूनही यंत्राला तो वेगळा ओळखता येतो. घरभर पसरलेल्या इंटरनेटशी जोडलेल्या नव्या स्पीकरांत तर आणखी एक कान जागा ठेवावा लागतो. काही स्पीकर नाव घेऊन हाक मारताच उत्तर देतात. त्यांचा माइक ती एक हाक ओळखण्यासाठी सतत ऐकत असतो. ज्यांना ते रुचत नाही त्यांनी त्याच्यावरचा माइक बंद करण्याचा खटका वापरावा.

दुरून यंत्र चालू करायचे तर त्याचा एखादा भाग आधीपासून जागा हवाच, ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५६ साली दूरचित्रवाणी संचासाठी एक तारेविना चालणारे नियंत्रक आणले. त्यात बॅटरी नव्हती. बटण दाबले की एक लहानशी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि मनुष्याच्या कानाला न ऐकू येणारा, फार उंच पट्टीचा नाद निघे. प्रत्येक कांडी वेगळ्या लांबीची, म्हणून प्रत्येकीचा सूर वेगळा. संच त्या सुरांवरून हुकूम ओळखी. गाणाराला मौज वाटावी असे हे जलतरंग होते! पण ते सूर ऐकण्यासाठी संचात सहा जादा व्हॉल्व्ह घालावे लागले.

व्हॉल्व्हचे रेडिओ ज्यांनी वापरले आहेत त्यांना आठवत असेल, खटका दाबल्यावर अर्धा मिनिट काहीच ऐकू येत नसे. आतल्या तंतू तापायला तेवढा वेळ लागे. १९४८ साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र लामत्याला लावायचे म्हणजे बातम्यांच्या आधीच खटका दाबून ठेवावा लागे, असे आत्या सांगतात. मोठ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांना पुढे दोन खटके आले. एकाने तंतू तापत ठेवायचे, दुसऱ्याने प्रत्यक्ष काम सुरू करायचे; मधली स्थिती ती स्टँडबाय. मात्र ती घटकाभराच्या विश्रांतीपुरती होती. काम न देता व्हॉल्व्ह तासन्‌तास तापत ठेवले तर ते कालांतराने मंदावतात. ज्यांनी हौसेने असे जुने ॲम्प्लिफायर राखले आहेत त्यांनी एवढे सांभाळावे.

वाट पाहण्याचा खर्च

वडील सांगत, की दरबारी गाणे असले म्हणजे तानपुरे लावून शेजारच्या दालनात बसावे लागे. बोलावणे कधी येईल याचा नेम नसे. दोन-दोन तास सूर तपासत बसायचे, आणि कधी कधी गाणे न होताच घरी परतायचे. पण त्या बसण्याचाही तनखा मिळे. तयारीत उभे राहणारे यंत्रही आपला तनखा घेतच असते. फरक इतकाच की तो विजेच्या बिलात कोणाच्या नावे मांडलेला नसतो.

हिशेब सोपा आहे. एक वॅट वीज वर्षभर, दिवसरात्र लागली तर पावणेनऊ युनिटे होतात. नवे चांगले यंत्र तयारीत उभे राहताना अर्धा वॅट घेते. म्हणजे वर्षाला साडेचार युनिटांच्या आत. युनिटाला सात रुपये धरले तर तीस-एकतीस रुपये. यासाठी कोणी चिंता करू नये. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे एखादे यंत्र नुसते उभे राहायला दहा वॅट घेत असेल, तर वर्षाला सुमारे अठ्ठ्याऐंशी युनिटे, म्हणजे सहाशे रुपयांच्या वर. आणि मोठा ॲम्प्लिफायर तांबड्या दिव्यावरही न आणता गप्प पण जागा ठेवला, तर त्याला चाळीस वॅट सहज लागतात. वर्षभर असे केले तर साडेतीनशे युनिटे, सुमारे अडीच हजार रुपये. याचा अर्थ असा, की खरा खर्च बहुधा तांबड्या दिव्याचा नसतो. हिरवा दिवा तसाच ठेवून आपण झोपी जातो त्याचा असतो. यंत्राला आपोआप झोपण्याची सोय केली गेली ती याचसाठी. आत्यांच्या बाबतीत तिने घात केला असला तरी तिचा हेतू वाईट नव्हे.

जगभर हा प्रश्न १९९०च्या दशकात ऐरणीवर आला. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतले संशोधक ॲलन मायर यांनी घराघरांतील ही न दिसणारी वीज मोजून दाखवली, आणि कोणत्याही यंत्राने तयारीत उभे राहताना एका वॅटपेक्षा अधिक घेऊ नये असा आग्रह धरला. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तो उचलून धरला. युरोपीय संघाने तर कायदाच केला: २०१० पासून एक वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट, दर्शनी पडद्यावर काही अक्षरे दाखवणाऱ्या यंत्रांना त्याच्या दुप्पट मुभा. इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रांना मात्र अधिक सवलत द्यावी लागली, कारण त्यांचा कान मोठा. कारखानदार साऱ्या जगासाठी एकच माल बनवतात, म्हणून त्या कायद्याचा लाभ लामत्याच्या आत्यांच्या घरापर्यंत पोहोचला. आणि त्याच्याबरोबर ही लवकर झोपी जाण्याची खोडही पोहोचली. मनुष्य हळू आवाजात, पहाटे, एकटा बसून आलाप ऐकत असेल, ही कल्पना ती पातळी ठरवणाराच्या मनात आली नसावी.

आकाश गडगडते तेव्हा

याच मुक्कामात दुसरा एक धडा मिळाला. मृग लागायच्या सुमारास एका संध्याकाळी आभाळ भरून आले. लामत्याच्या आसपास जंगल आहे, डोंगर आहेत. तेथला पाऊस वाजतगाजत येतो. विजेने माणसे दगावण्याच्या राष्ट्रीय नोंदीत आपल्या मध्य प्रदेशाचे नाव वरच्या काही राज्यांत असते, हे वाचकांस ठाऊक असेलच. आतेभावाने दूरचित्रवाणी संच आणि त्याच्या खालचा लांबट स्पीकर रिमोटने बंद केले. दोन्हींवर तांबडे दिवे लागले आणि तो निर्धास्त झाला. आत्या मात्र पहिली गडगड दूर होती तेव्हाच उठल्या, टेपरेकॉर्डर आणि आपले स्पीकर यांचे प्लग भिंतीतून उपसले आणि तारा गुंडाळून ठेवल्या. "आई खटक्यावर भरवसा ठेवत नाही," आतेभाऊ हसला.

रात्री जवळच कोठेतरी वीज कोसळली. सकाळी त्या लांबट स्पीकरचा तांबडा दिवा विझलेला होता, आणि पुढे तो कधी लागला नाही. आत्यांचे सामान सुखरूप होते.

तांबडा दिवा म्हणजे यंत्र भिंतीतल्या विजेला जोडलेले आहे. तारेतून एकाएकी प्रचंड दाब आला तर जो छोटा वीजपुरवठा रात्रभर जागा असतो तोच प्रथम बळी पडतो. भिंतीवरचा खटका बंद करणे हे तांबड्या दिव्यापेक्षा बरे. पण तो बहुधा एकच तार तोडतो, आणि जवळ पडलेल्या विजेला खटक्यातली ती बारीक फट ओलांडणे अवघड नाही. म्हणून प्लगच काढावा. डिश किंवा केबलची तार असेल तर तीही सोडवावी. आणि हे सारे पाऊस दूर असताना करावे. डोक्यावर विजा कडाडत असताना प्लगला हात लावू नये. ज्या गावी लाइट वरचेवर जाते-येते तेथे आणखी एक पाहावे. लाइट परत आल्यावर काही यंत्रे तांबड्या दिव्यावर येतात, काही आपोआप पुरती जागी होतात. आपले यंत्र काय करते ते एकदा मेन स्विच बंद-चालू करून तपासावे. म्हणजे भर दुपारी रिकाम्या घरात ॲम्प्लिफायर तापत बसणार नाही.

यंत्रावरच्या खुणाही ओळखून ठेवाव्यात. पूर्ण वर्तुळाच्या आत उभी रेघ असेल तर त्या बटणाने यंत्र खरोखर बंद-चालू होते, असा मूळचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. वर्तुळ वरून तुटलेले आणि रेघ त्या फटीतून बाहेर आलेली असेल तर ते बटण केवळ झोपवते आणि उठवते. हल्लीच्या बहुतेक यंत्रांवर ही दुसरी खूणच असते. पहिली दिसलीच तर पाठीमागच्या बाजूला, हाताने चाचपून पाहावी लागते.

आपले आपण ठरवावे

मग रोज रात्री प्लग उपसावेत काय? तसे काही नाही. रोजच्या वापरातले नवे यंत्र तांबड्या दिव्यावर राहिले तर बिघडत नाही. जुने, हाताला गरम लागणारे यंत्र मात्र वापर संपताच मुख्य खटक्याने बंद करावे. महिन्यातून चार-दोनदाच लागणारे यंत्र प्लग काढूनच ठेवावे. पावसाळ्याचे पहिले आणि शेवटचे काही आठवडे सर्वांनीच दक्ष राहावे. आणि ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी कॅसेट किंवा फीत आहे, त्यांनी तिची दुसरी प्रत करून घ्यावी. ती करताना यंत्राची आणि संगणकाची, दोहोंची आपोआप झोपण्याची सोय आधी बंद करावी, नाहीतर प्रत संपूर्ण झाली असे समजून आपण निश्चिंत होऊ आणि तिच्यात नेमका आलापच नसेल. आम्ही लामत्याहून निघण्यापूर्वी अशी प्रत केली, आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून मगच विश्वास ठेवला.

तांबड्या दिव्यावरून आणखी एक आठवण. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. वडील तेथे गात तेव्हा स्टुडिओतला तांबडा दिवा लागला की माइक जागा झाला असे समजायचे. मग पान उलटण्याचा आवाज नको, खोकला नको. त्यांना तांबड्या दिव्याचा अर्थ एकच ठाऊक होता: कोणीतरी ऐकत आहे. घरातल्या यंत्रावर तोच दिवा पाहून आपण समजतो की येथे कोणी नाही. वडिलांचा अर्थ अधिक बरोबर होता, असे मला आता वाटते.

आत्यांचे स्पीकर आता झोपत नाहीत. कॅसेट संपली की त्या स्वतः उठून खटका बंद करतात, प्लग काढतात, तार गुंडाळतात. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या, "तू सांगितलंस तसं केलं, पण एक विचारू? त्या आठ महिन्यांत मी ती टेप लावली असती तर काही बिघडलं असतं का?"

मी खरे तेच सांगितले. "नाही, आत्या. काहीच बिघडलं नसतं."